गाडी रिकामी की भरलेली?

पिकअप गाडी रिकामी असताना मागून थोडी उंचच असते आणि तशी ती असावीही लागते, हे मला निवृत्तीनंतर एका वर्कशॉपमध्ये समजले. इतकी वर्षे मुलांना भूमिती शिकवली. पण ही उंची कशासाठी ठेवली असेल, असा प्रश्न मला पडला नव्हता.

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई आणि मी एकाच वर्षी निवृत्त झालो आणि दोघींनी मिळून ही जुनी पिकअप घेतली. हौद्यात प्रयोगांच्या पेट्या भरायच्या आणि दर गुरुवारी शहराबाहेर बरगीकडच्या एखाद्या खेड्यातल्या हिंदी शाळेत जायचे, असा आमचा नेम होता. गाडी मी चालवत असे. प्रयोग बाई करत, फळ्यावरच्या आकृत्या मी काढत असे. उन्हाळ्यात मुलीच्या बाळंतपणासाठी त्या पुण्याला गेल्या. जाण्यापूर्वी पेट्या उतरवून आम्ही माझ्या विजय नगरच्या घरी पुढच्या खोलीत रचून ठेवल्या. दिवाळी झाली की येतेच, असे त्या म्हणाल्या होत्या.

दिवाळी होऊन दोन महिने झाले. गाडी पोर्चमध्ये नाक खाली घालून उभी असे. एके सकाळी मी तिच्या कडेला पाणसळ लावून पाहिली; पुढची बाजू चार सेंटिमीटर खाली भरली. दुरुस्त करण्यासारखे काही तरी सापडले, याचा मला आनंदच झाला असावा. कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडून मी लेव्हलिंग स्ट्रट बसवून घेतले. स्ट्रट म्हणजे चाकामागची स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बरची जोडी. ती उंच बसवली की गाडीचे नाक वर येते. तसे ते आले. मात्र दुसऱ्या दिवशी सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडे धरावे लागू लागले आणि गाडी डावीकडे ओढू लागली.

म्हणून मी गढा भागाच्या रस्त्यावरच्या अलाइनमेंटवाल्याकडे गेले. त्याने गाडी रॅम्पवर चढवली, चारही चाकांना सेन्सर अडकवले आणि पडद्यावरचे आकडे मला दाखवले. माणूस ताठ उभा आहे की एका बाजूला कलला आहे, हे एक माप. त्याची पावले समोर आहेत की फाकलेली, हे दुसरे. चाकांचीही अशीच मापे घेतात. उंची वाढली की दोन्ही बदलतात, आणि ती पुन्हा जुळवून घेतली नाहीत तर टायर एका कडेने झिजतो.

"ऊँची करने को किसने बोला था, मैडम?" त्याने विचारले.

"मैंने ही। आगे से नीची दिख रही थी।"

"अरे, गाड़ी है मैडम, फोटो थोड़ी है कि दीवार पे सीधी टाँगनी है! पीछे की ऊँचाई तो लोड के लिए है। माल भरोगे तो पीछे से बैठेगी, फिर आगे के एंगल भी हिलेंगे।" पाना हातात घेऊन तो थांबला. "अब ये बताओ, खाली चलाओगे कि लोड पे? उसी हिसाब से सेट करूँगा।"

ते बाई परत कधी येणार यावर होते. पाच मिनिटांची सवड मागून मी बाहेर आले आणि बाईंना फोन लावला.

"काय गं, काय करून राहिली?" मागे बाळ रडत होते.

मी सगळे क्रमाने सांगितले: स्ट्रट, कोन, त्याचा प्रश्न. त्या हसल्या. "काहून गं त्या गाडीच्या मागे लागली तू? सरळ तर चालत होती." मग म्हणाल्या, "रिकामीच सांग त्याला. इथं पोरगी नोकरीवर जाऊन राहिली, बाळाला माझ्याशिवाय कोणी नाही. मी आता काही येत नाही. तुला कसं सांगू, हेच समजत नव्हतं."

"बरं झालं, सांगितलंत," मी म्हणाले. बाळ जोरात रडू लागले आणि त्यांनी फोन ठेवला.

रस्त्यावर ऊन होते.  मी आत जाऊन त्याला म्हणाले, "लोड पे."

"कितना?"

"दो सौ दस किलो." पेट्यांची वजने मला पाठ होती.

त्याने हौद्यात जुने टायर आणि वाळूची पोती रचली. मला चालकाच्या जागी बसायला सांगितले आणि एक पोते उचलून शेजारच्या दारापाशी आणले. "साथ में कोई बैठता है?"

"नहीं."

त्याने पोते परत नेऊन ठेवले. खाली पान्याचे आवाज होत राहिले. मी स्टिअरिंग सरळ धरून बसले होते, त्याने सांगितले होते तसे.

घरी येऊन मी बरगीकडच्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांना गुरुवारी येते, म्हणून कळवले. त्यांना फार आनंद झाला. "दोनों मैडम का खाना बनवा दें?"

"एक का."

"अच्छा, अच्छा। और वो ग्रहणवाला प्रयोग ज़रूर लाइएगा, बच्चे बहुत पूछते हैं।"

ग्रहणाचा प्रयोग बाईंचा. तो करताना त्या वर्गात अंधार करवत, आणि मी दाराशी पडदा धरून उभी असे; चंद्र कुठल्या बाजूने आणतात, ते मी कधी नीट पाहिले नव्हते. "लाती हूँ," असे मी म्हणाले आणि पुढच्या खोलीत जाऊन ती पेटी शोधू लागले.