लेकीच्या घरचं पाणी

आम्ही इंग्लंडला निघालो त्या सकाळी देगलूरहून व्याही आणि विहीणबाई आम्हाला निरोप द्यायला अहमदपूरला आले होते. दोघं ओट्यावर बसले. त्यांच्या मुलीनं, म्हणजे आमच्या सूनबाईनं, शुभांगीनं, तांब्या आणि भरलेला पेला आणून ठेवला. दोघांपैकी कुणी पेल्याला हात लावला नाही. शुभांगीच्या लग्नाला दीड वर्ष झालंय, अजून पाळणा हललेला नाही. आणि लेकीला लेकरू होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. पुष्कळ घरांनी ती सोडली, आमच्या दोन्ही घरांनी धरून ठेवली आहे. "स्टँडवर चहा पिऊनच आलाव," व्याही म्हणाले. माणसं रीतीची आहेत म्हणून मला बरं वाटलं. शुभांगीनं भरलेला पेला उचलला आणि आत नेला. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढं जो राग मी कागदावर काढणार आहे त्यातला थोडा माझ्याही वाट्याचा आहे.

तर आम्ही निघालो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेली बाई. सोबत आमचे हे, शेतकरी माणूस. मुलं त्यांना नाना म्हणतात, म्हणून मीही इथं नानाच लिहिते. आमची उज्ज्वला चार वर्षांपूर्वी लग्न करून इंग्लंडात राहायला गेली. जावई ब्रायन अमेरिकेचा, तोही नोकरीसाठीच तिकडे आलेला. म्हणजे दोघंही परमुलखातच. तीन आठवड्यांसाठी त्यांनी आम्हाला बोलावलं होतं. जीपनं लोह्यावरून नांदेड, नांदेडहून रेल्वेनं मुंबई आणि तिथून विमान. जीपमध्ये एक बॅग मला उचलता येईना. उघडून पाहिली तर आत ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, मीठ, तिखट आणि दोन डबे भरून धपाटे (पिठात मसाला कालवून थापलेल्या भाकरी) होते.

"तिकडं दुकानं नाहीत का?" मी विचारलं.

"दुकानाचं न्हाई," नाना म्हणाले. "उज्ज्वलाचं घर हाय ते."

माझ्या तेव्हा लक्षात आलं. उज्ज्वलालाही अजून मूल नव्हतं. लोह्याच्या चौकातच मी भांडायला हवं होतं. चारचौघांत तमाशा नको म्हणून गप्प बसले.

उज्ज्वलाचं गाव यॉर्कशायरमध्ये आहे. मळकट विटांची, एकाला एक चिकटलेली घरं, पुढं हातभर बाग आणि मागं थोडी मोठी. मे महिना असून मी दोन स्वेटर घातले होते. ब्रायननं दार उघडून हात जोडले आणि म्हणाला, "या, बसा, जेवा." हे तीन शब्द तो महिनाभर घोकत होता, असं उज्ज्वलानं सांगितलं. टेबलावर वरण-भात, वांग्याचं भरीत आणि भाकरी होत्या. भाकरीच्या कडा फाटलेल्या होत्या, पण लेकीनं आमच्यासाठी थापल्या होत्या. नानांनी हातपाय धुतले, खुर्चीवर बसले आणि आपला डबा उघडला.

"नाना, एक घास," उज्ज्वला म्हणाली.

"तू खा बाळा. मला चालत न्हाई, ठावं हाय ना तुला."

ब्रायन एकदा डब्याकडे आणि एकदा बायकोकडे बघत राहिला. उज्ज्वला त्याला इंग्रजीत म्हणाली, "प्रवासानं त्यांचं पोट बिघडलंय." मी भाकरीचा तुकडा मोडला आणि नानांच्या वाटणीचं भरीतसुद्धा खाल्लं. भूक नव्हती, संतापानं खात होते.

दुसऱ्या दिवसापासून नानांचं कायदेपुस्तक सुरू झालं. पीठ आपलं, मीठ आपलं, पाणी कोपऱ्यावरच्या दुकानातून विकत आणलेलं. मी लेकीच्या स्वयंपाकघरात उभी राहून बाटलीतल्या पाण्यानं पीठ मळायचे.

"आणि तवा?" मी विचारलं.

"तवा चालतो."

"गॅस लेकीचा आहे."

"गॅस पोटात जात न्हाई," नाना गंभीरपणे म्हणाले.

चौथ्या दिवशी ब्रायनची आई आली, थेट अमेरिकेहून. म्हणजे माझी विहीणच. कॅरल नाव, माझ्याच वयाची, मोठ्यानं हसणारी बाई. आल्या आल्या तिनं सफरचंदाचा पाय (आत फळं भरून भाजलेला गोड पदार्थ) केला. माझे धपाटे चटणीला लावून खाल्ले, डोळ्यांतून पाणी आलं तरी दुसरा मागितला. मानपान, रुसवेफुगवे काही नाही. पायचा एक तुकडा तिनं बशीत घालून नानांपुढे ठेवला. नानांनी बशी दोन्ही हातांनी हळूच मागं सरकवली. कॅरलचं हसू गेलं.

"ते आजारी आहेत का?" तिनं मला विचारलं.

"डॉक्टरांनी पथ्य सांगितलंय," मी म्हणाले. खोटं बोलू नका म्हणून पोरांच्या हातावर छड्या मारल्या मी, आणि म्हातारपणी या माणसापायी हे करून राहिले.

रविवारी सगळे मिळून समुद्राकाठच्या व्हिटबी गावी गेलो. बंदराच्या तोंडाशी कोळ्यांच्या बोटी, टेकडीवर मोठं पडकं चर्च आणि तिथवर चढत जाणाऱ्या दगडी पायऱ्या. वारा असा की पदर खांद्यावर ठरेना. बाहेरचं नानांना चालतं, त्यामुळे गाडी थांबल्यापासून त्यांना कोण भूक लागली. टपरीवर त्यांनी बटाट्याचे तळलेले तुकडे घेतले आणि कागदी कपातला चहा घेतला. एका पांढऱ्या समुद्रपक्ष्यानं झेप घेऊन त्यांच्या हातातला तुकडा पळवला. नाना त्याला आमच्या शिवारातल्या सगळ्या शिव्या देत धावले आणि आम्ही पोट धरून हसलो. नाना दुसरा चहा प्यायले. मग उज्ज्वला आणि ब्रायन त्यांना घेऊन टेकडी चढायला गेले. कॅरल आणि मी बाकावर राहिलो.

कॅरल त्या रिकाम्या कपांकडे बघत होती. ती सावकाश बोलायची, मला कळावं म्हणून. "म्हणजे त्यांना पथ्य नाही," ती म्हणाली. "फक्त माझ्या मुलाच्या घरचं चालत नाही. काय वाईट आहे आमच्या घरात?"

मी पदर खांद्यावर ओढून घेतला. तीच पुढं म्हणाली, "मला काही वाटत नाही. पण त्या हिवाळ्यात बाळ गेल्यापासून उज्ज्वला किती जपून वागते, तुम्हाला माहीतच आहे. तिला काय वाटत असेल?"

मला माहीत नव्हतं. कुठलं बाळ, हे मला अमेरिकेच्या विहिणीला विचारावं लागलं. तिनं तोंडावर हात ठेवला आणि मग माझा हात धरला.

उज्ज्वला टेकडीवरून खाली आली तेव्हा मी तिला बाजूला घेतलं. "मला का सांगितलं नाहीस?"

ती समुद्राकडे बघत राहिली. "पाचवा महिना होता, आई. सगळं नीट आहे असं कळलं की तुला सांगणार होते. कॅरल इथंच होती. तुला सांगितलं असतं तर तू रडली असतीस, नानांना कळलं असतं. मग ते म्हणले असते, असू दे, पुढच्या साली लेकरू झालं की लेकीकडं जेवू. मला ते न्हाई ऐकायचं होतं."

परतीच्या वाटेवर गाडीत माझ्या डोक्यात नुसता जाळ होता. पाण्यावर, रीतीवर, नानांवर आणि माझ्या पोरीला गप्प बसायला शिकवणाऱ्या आमच्या घरावर.

सकाळी नाना मागच्या बागेत होते. त्यांनी कोपऱ्यात वाफा करून घरून आणलेले धणे पेरले होते आणि उज्ज्वलाच्या नळाचं पाणी झारीनं घालत होते.

"कोथिंबिरीला चालतं वाटतं लेकीचं पाणी?" मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं. त्यांनी झारी खाली ठेवली.

"मला कुणी सांगितलं न्हाई," ते म्हणाले.

"सांगून काय केलं असतं तुम्ही?"

"रीत हाय. म्या केलेली न्हाई."

"माझी कूस सात वर्षं उजवली नव्हती," मी म्हणाले. माझा आवाज शेजारच्या बागेत गेला असेल, गेला तर गेला. "माझे बाबा कंधारहून उन्हात सायकल हाणत यायचे आणि तुमच्या ओट्यावर तहानलेले बसायचे. भरलेला पेला मीच उचलून आत न्यायचे. तो परत नेताना कसं वाटतं, हे तुम्हाला ठाऊक नाही. आज माझ्या लेकीनं काय करायचं? तिनं रडायचं की तुमच्या पेल्याची वाट बघायची?"

बोलता बोलता मला शुभांगी आठवली. निघायच्या सकाळी ती पेला आत नेत होती, आणि मी, सात वर्षं तेच केलेली बाई, मनात खूश होते. माझी मला लाज वाटली.

नानांनी झारी उचलली. उरलेले दिवस ते बागेतच असायचे. कोथिंबीर उगवली. जेवायच्या वेळी मात्र डबा उघडायचेच.

निघायच्या दिवशी विमानतळावर उज्ज्वलानं पाण्याची बाटली नानांच्या हातात दिली. "घरून भरून आणलीय," ती म्हणाली. "घरात न्हाई पिलात, आता घराबाहेर आहात. वाटेत प्या."

नानांनी बाटली झोळ्यात ठेवली आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तपासणीच्या जागी एका अधिकारी बाईनं झोळ्यातून बाटली काढली. पाणी आत नेता येत नाही, इथंच प्या नाहीतर टाकून द्या, ती नम्रपणे म्हणाली. मागं माणसांची रांग होती.

"प्या," मी म्हणाले.

नानांनी झाकण उघडलं. बाटली ओठांजवळ नेली. मग झाकण लावलं आणि शेजारच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. आतल्या बाटल्यांवर ती आपटल्याचा आवाज झाला. मी मुंबईपर्यंत त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. विमानात पाणी आलं, तेही मी घेतलं नाही.

नांदेडला उतरलो तर ऊन कातडी सोलत होतं. जीप लोह्याला रसवंतीपाशी थांबली, नाना रस प्यायले. मी गाडीतच बसून राहिले. घरी पोचल्यावर आठवडाभर लोक येत होते, विलायत कशी आहे विचारत होते. छान आहे म्हणायचं आणि चहा टाकायचा, एवढंच मी केलं.

तिसऱ्या दिवशी देगलूरहून व्याही आणि विहीणबाई आले. ओट्यावर बसले. शुभांगीनं तांब्या आणि पेला ठेवला. व्याह्यांच्या कपाळावरून घाम गळत होता.

"स्टँडवर पिऊनच आलाव," ते म्हणाले.

नाना खुर्चीवरून उठले. त्यांनी पेला उचलला आणि व्याह्यांच्या हातात दिला. "प्या, व्याही."

"आवं, रीत हाय नाना. तुमीच पाळता की."

"पाळून आलोय," नाना म्हणाले. "लेकीनं भरून दिलेली बाटली कचऱ्यात टाकून आलोय. तुमी नका टाकू. लई जड जातंय."

व्याह्यांनी शुभांगीकडे पाहिलं. मग पेला एका दमात रिकामा केला. विहीणबाईही प्यायल्या. शुभांगीनं रिकामा पेला उचलला, पण आत गेली नाही. दारातच तो छातीशी धरून उभी राहिली.

मला आनंद व्हायला हवा होता. शुभांगीसाठी झालाही. पण त्याच्या दुप्पट राग आला. हे दोन घोट एवढे सोपे होते, तर माझ्या पोरीच्या टेबलावर का नाही? पोरीनं बाटली हातात दिली तेव्हा का नाही? पश्चात्ताप अहमदपूरच्या ओट्यावर आणि तहान यॉर्कशायरमध्ये, असला हिशेब मला मान्य नाही. पाहुणे गेल्यावर मी नानांसमोर जाऊन उभी राहिले.

"हे उज्ज्वलाला फोनवर सांगू नका," मी म्हणाले. "तिकडं जा. तिच्या नळाचं पाणी तिच्या पेल्यात घ्या आणि तिच्यासमोर प्या."

ते आपल्या पायांकडे बघत होते. "हाव," म्हणाले, म्हणजे होकार.

त्यांचं हाव मी बरीच वर्षं ऐकत आले आहे. म्हणून दोघांचे पासपोर्ट मी कपाटात ठेवलेले नाहीत. ओट्यावरच्या कोनाड्यात, तांब्याशेजारी ठेवलेत. पाणी घ्यायला हात पुढं केला की आधी तेच दिसतात.