दुखऱ्या टाचेने काटोलपर्यंत

नागपूर ते काटोल पायी जायचं, हे मी फिजिओथेरपीच्या टेबलावर पालथी पडलेली असताना ठरवलं. डॉ. अश्विनी माझ्या डाव्या टाचेच्या वरची जाड शीर चिमटीत धरून तपासत होती. मी म्हटलं, "ही बरी झाली की मला एकदा काटोलला पायी जायचंय." तिचा हात थांबला. "पळत?" "थोडं पळत, थोडं चालत." ती म्हणाली, "मग ताई, आजपासून ते डोक्यात ठेवूनच व्यायाम करू."

माझं माहेर काटोलचं. कॉलेजची पाच वर्षं मी एसटीच्या खिडकीतून हा साठेक किलोमीटरचा रस्ता पाहिला. चाळिशीत पळायला लागले तेव्हापासून तो पायांखालून जावा असं वाटत होतं. पण झालं उलटंच. दोन वर्षांत मी एवढी पळाले, की सकाळी पलंगावरून उतरताना टाच टेकवेना. डाव्या टाचेवर एक गाठ आली. तरी गोळी घेऊन पळत राहिले. मग दोन महिने पूर्ण आराम केला. दुखणं थांबलं. पुन्हा पळाले आणि तिसऱ्या दिवशी परत लंगडत घरी आले.

रामदासपेठेतल्या त्या दवाखान्यात पहिल्या दिवशी मला मशीनचे शेक वगैरे मिळतील असं वाटलं होतं. अश्विनीने मला भिंतीजवळ उभं केलं आणि एका पायावर टाच उचलून चवड्यावर यायला सांगितलं. "जमेल तेवढ्या वेळा." उजव्या पायावर तेवीस झाले. डाव्यावर सात. आठव्याला टाच जमिनीवरून हललीच नाही. एकवीस किलोमीटर पळणारी बाई मी, आणि स्वतःचं वजन आठव्यांदा उचलू शकत नव्हते.

"आरामानं ही शीर दुखायची थांबते, पण मजबूत होत नाही," ती म्हणाली. "तिला काम द्यावं लागेल. हळू, जड काम." पायरीच्या कडेवर चवडे ठेवायचे, टाचा सावकाश खाली सोडायच्या, सावकाश वर घ्यायच्या. नंतर पाठीवर पिशवी, पिशवीत तांदूळ. दोन किलोंपासून बारा किलोंपर्यंत. आठ महिने. चौथ्या महिन्यात ती गाठ दाबल्यावर कळ येईना, तेव्हा मी घरच्या जिन्यावर बसून कितीतरी वेळ नुसती टाचेला हात लावत होते. आपल्या आत काहीतरी रोज थोडं थोडं विणलं जात होतं, आणि मला त्यातलं काहीही दिसत नव्हतं.

नोव्हेंबरच्या शेवटी निघालो. निघालो म्हणजे मी पायी आणि माझी नणंद मनीषा स्कूटीवर, माझी बॅग आणि पाणी घेऊन. तुम्हाला असं जायचं असेल तर सोबत एक वाहन ठेवाच. अश्विनीचा आराखडा सोपा होता. पहिला दिवस फक्त चालायचं. दुसऱ्या दिवशी चार मिनिटं पळ, एक मिनिट चाल. तिसऱ्या दिवशी पुन्हा चाल. दुखणं दहापैकी तीनपर्यंत चालेल. त्याच्या वर गेलं तर थांबायचं आणि तिला फोन करायचा.

काटोल नाक्यावरून सकाळी साडेसहाला सुरुवात केली. हवेत चांगलाच गारवा होता. गोरेवाडा मागे पडला तसा शहराचा आवाज कमी झाला आणि दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस दिसू लागला. रस्ता चांगला आहे, पण कडेची पट्टी उतरती आहे. एकाच बाजूने चाललं तर एक पाय सतत खाली पडतो. म्हणून मी मोकळी जागा पाहून बाजू बदलत राहिले. टपरीवर तर्री पोहे खाल्ले. तर्री एवढी जहाल की मनीषा डोळे पुसत म्हणाली, "वहिनी, टाचेचं जाऊ द्या, माझ्याच जिभेले फिजिओथेरपी लागते आता."

कळमेश्वर जवळ आलं तसे कारखान्यांच्या शेड आणि ट्रकच्या रांगा सुरू झाल्या. कारखान्यांची पाळी सुटली होती. सायकलवरून, पायी, माणसं घरी चालली होती. स्टँडजवळच्या लॉजमध्ये स्वच्छ खोली आणि गरम पाणी मिळालं, एवढं पुरे. टाच शांत होती.

दुसऱ्या दिवशी मी पळाले. आठ महिन्यांनी रस्त्यावर, मोकळ्या हवेत. चार मिनिटं, मग घड्याळ वाजलं की एक मिनिट चाल. संत्र्यांच्या बागा सुरू झाल्या. गर्द हिरव्या झाडांत केशरी फळं आणि त्या सगळ्यावर धुक्याचा पातळ थर. पळताना दोन्ही पावलांचा आवाज सारखा येत होता. टाच दुखत होती तेव्हा डावं पाऊल वेगळंच वाजायचं, हे मला त्या सकाळी पहिल्यांदा कळलं. मी रडत होते. मनीषा पुढे होती म्हणून तिला दिसलं नाही.

आणि तिथेच चुकले. घड्याळ वाजलं तरी पळतच राहिले. एकदा, दोनदा, मग मोजणंच सोडलं. पंधराव्या किलोमीटरच्या आसपास टाचेवर ती ओळखीची कळ आली. तीन. मी पुढे गेले. एका चढावर ती पाच झाली.

मनीषाने स्कूटी आडवी लावली. "वहिनी, तुम्ही काहून ऐकत नाही? मागच्या वेळी असंच केलं ना?"

"पाचच किलोमीटर राहिले गं आजचे."

"मी डॉक्टरीणबाईले फोन लावतो."

शेजारच्या बागेत तोड चालू होती. सात-आठ बाया, लाकडी शिड्या, सावलीत संत्र्यांचे ढीग. मी बांधावर बसले. अश्विनीने व्हिडिओवर टाच पाहिली, कुठे दाबल्यावर दुखतं ते विचारलं. रागावली नाही. "आज पळणं संपलं, ताई. आता पायरीसारखं काही आहे का तिथे? टाच अर्ध्यावर उचलून धरायची. हलवायची नाही. पाऊण मिनिट. दोन मिनिटं थांबून पुन्हा. असं पाच वेळा. मग मला सांगा."

पायरी कुठून आणणार? एका झाडाला टेकवलेली रिकामी शिडी होती. मी विचारून तिच्या खालच्या दांड्यावर चवडे टेकवले, फांदी धरली आणि टाच उचलून उभी राहिले. शेजारच्या झाडावरून आवाज आला.

"काय झालं वं बाई? काहून उभी राहिली अशी?"

पन्नाशीच्या पुढची एक बाई पाठीला झोळी बांधून शिडीवर होती. सुनंदाबाई. मी सांगितलं, शीर दुखते, डॉक्टरांनी ही कसरत सांगितली आहे.

"ही कसरत हाय?" ती हसली. भरलेली झोळी घेऊन झरझर उतरली आणि माझ्या शेजारी त्याच दांड्यावर उभी राहिली. "अशी?" आणि झोळीसकट, एका पायावर, वरखाली व्हायला लागली.

मनीषा मोजू लागली. दहा. वीस. सुनंदाबाई मधूनच माझ्याशी बोलत होती, कुठून आली, पोरं किती, नवरा काय करते. तिच्या पोटरीचा स्नायू दर वेळी दोरखंडासारखा उठत होता आणि टाच एकाच रेषेत, जराही न थरथरता वर जात होती. पस्तीसला तिने आपणहून थांबवलं, दमली म्हणून नव्हे, मुकादमाने हाक मारली म्हणून.

व्हिडिओ चालूच होता. अश्विनी फोनमधून म्हणाली, "ताई, त्यांना विचारा, कधीपासून करतात हे काम?"

"लग्न झाल्यापासून," सुनंदाबाई म्हणाली. "आमाले कोन कसरत सांगते वं? संत्रे तोडा लागते." झोळी रिकामी करून ती पुन्हा वर गेली. पानांत फक्त तिचे पाय दिसत होते, आणि मी त्या पायांकडे पाहत माझ्या उरलेल्या फेऱ्या पूर्ण केल्या. कळ पाचवरून दोनवर आली. मला वाटलं माझंच काही चुकलं मोजताना. पुन्हा दाबून पाहिलं. दोनच.

उरलेले पाच किलोमीटर मी स्कूटीवर मागे बसून गेले. मुक्काम मनीषाच्या मैत्रिणीकडे होता. तिच्या सासूबाईंनी चुलीवरची भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली, आणि माझे पाय बघून आधी मला लोडाशी बसवलं.

तिसऱ्या सकाळी टाच आखडलेली होती. अश्विनीने फोनवर सांगितलं, "सगळं नाही चालायचं. शेवटचे तीन-चार किलोमीटर चाला, सपाट रस्त्यावर." मग मधला रस्ता, पाय लांब ठेवता यावा म्हणून, मी संत्र्यांचे क्रेट भरलेल्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून गेले; मनीषा स्कूटीवर मागून आली. काटोलच्या अलीकडे उतरले आणि हळूहळू, हात मागे बांधून, माझ्या गावात शिरले. फळबाजारात लिलाव चालू होता. कुणी माझ्याकडे पाहिलंही नाही. एका ढिगाजवळ उभ्या शेतकऱ्याने दोन संत्री हातात ठेवली आणि म्हणाला, "खा ताई, घामेजल्या दिसता." गोड आणि थंडगार होती.

परतीला मनीषा स्कूटीवर, मी एसटीने. बायकांना अर्धं तिकीट, खिडकीची जागा मिळाली. ज्या रस्त्याला तीन दिवस लागले तो दीड-पावणेदोन तासांत उलटा संपला.

घरी आल्यावर शेजारणीने विचारलं, "म्हणजे पूर्ण नाही गेलात पायी?" नाही गेले. मला ते सांगताना अवघड वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. तुम्ही दुखापतीतून उठत असाल आणि अशा रस्त्याचा विचार करत असाल, तर मी एवढंच सांगेन की परतीचं तिकीट आधीच मनात काढून ठेवा. आणि घड्याळ वाजलं की चाला.

परवा रविवारी फुटाळा तलावाकाठी माझा चालण्याचा दिवस होता. आमचा पळणाऱ्यांचा गट बाजूने गेला. "चला ना!" म्हणून सगळ्यांनी हाक मारली. मी हात हलवला. ते वळणाआड गेले. त्यांच्या पावलांचा आवाज विरला, मग मला माझ्या पावलांचा ऐकू यायला लागला. तलावावर ऊन चढत होतं, आणि मागे राहिल्यासारखं मुळीच वाटत नव्हतं.