तीन मिनिटांची घंटा

नगरपालिकेच्या सभेत नागरिकांना बोलायला तीनच मिनिटं मिळत, आणि ती संपली की घंटा मारायचं काम शिपाईकाकांचं. बावीस वर्षांत त्यांनी नगरसेवकाच्या मेहुण्यालाही सूट दिली नव्हती. नजर सदा घड्याळावर. कोण काय बोलतं, याचं त्यांना सोयरसुतक नसे.

परवा माइकसमोर त्यांची बायकोच उभी राहिली. "आमच्या दारातलं गटार आठ वर्षं तुंबलंय!" काकू तावातावाने बोलत राहिल्या. तीन मिनिटं झाली आणि काकांनी टणकन घंटा मारली.

अध्यक्ष चकित झाले. "आठ वर्षं? अहो, मग आमच्या एखाद्या माणसाला सांगायचं तरी!"

काकूंनी नवऱ्याकडे बोट दाखवलं. "रोज सकाळी सांगते यांना. हे तेच गटार ओलांडून इथे घंटा मारायला येतात."