मनगटाचा दोरा

नातीनं कोरी चादर अंथरली. खळीचा वास आला आणि इंग्रज होते तेव्हाची, सोलापुरातली आमची मागाची खोली आठवली.

तिथं आमचे हे अंथरुणाला खिळले होते. हातापायांतली ताकद कशानं गेली, ते वैद्यालाही कळलं नव्हतं. रात्री कूस बदलायलाही मी लागायची, आणि हाक मारण्याइतका आवाज त्यांना उरला नव्हता. एक बोट तेवढं हलायचं. त्या बोटाला आणि माझ्या मनगटाला मागावरचं सूत बांधून आम्ही निजायचो.

एकदा पहाटेपर्यंत सारखी ओढ बसत होती. शेवटी मी खेकसले, "आता काय पायजे तुमाला?"

"काय न्हाय," ते पुटपुटले. "दोरा तुटला का, बघितलं."

तेव्हा वाटलं, दावं मलाच लावलंय.

आता रात्री जाग आली की मीच मनगट हळूच ओढून बघते.