गुळाचे रवे आणि चढाईचा वेग

विमानालाही छत असतं, हे मला उजळाईवाडीच्या धावपट्टीशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये, उड्डाणाच्या वर्गात कळलं. एका उंचीनंतर इंजिन जीव तोडून ओढतं, विमान पुढे जातं, पण वर म्हणून जात नाही. ते ऐकल्यापासून कितीतरी दुपारी मी वहीत डोकं घालून त्याच उंचीवर तरंगत असायचे. खाली हुपरी, आमचं घर, चांदीच्या पैंजणांचे सांधे डाग देऊन जोडत बसलेले आण्णा. सगळं निळसर, आवाज नसलेलं.

आण्णा म्हणजे माझे वडील. नव्वदचं दशक सरत आलं होतं. छोटं विमान चालवायचा परवाना मला मिळाला होता, पण त्याचीच नोकरी करायची तर पुढचं शिकायला परराज्यात जायला हवं होतं. आण्णा म्हणाले, "पयलं मला बसवून फिरवून आण. मग बघू."

मे महिन्यातल्या एका सकाळी ते आले. मी त्यांचं वजन विचारलं, इंधनाचं धरलं, गणित मांडलं. मी इंजिन तपासत होते तेवढ्यात त्यांनी सीटमागे एक पिशवी ठेवली. भाकऱ्या असतील, असं मीच ठरवून टाकलं. आत गुळाचे दोन मोठे रवे, दहा-दहा किलोच्या ढेपा होत्या, माझ्या शिक्षकांना द्यायला; हे मला नंतर कळलं. शिक्षक अजून आले नव्हते आणि शेडमध्ये मुंग्या होत्या, म्हणून गूळही आमच्याबरोबर निघाला. चांदी गुंजभर इकडची तिकडे होऊ न देणारा हा माणूस. पण द्यायची वस्तू तोलायची नाही, हा आमच्या घरचा रिवाज.

ऊन चढलं होतं, हवा पातळ झाली होती. चाकं सुटली, पण विमान जडावलेलंच. समोर ऊस, उसापलीकडे विजेच्या तारा. चढाईचे दोन वेग असतात. एक कमी वेळात जास्त उंची देतो, दुसरा कमी अंतरात. तारांसाठी दुसरा हवा होता. आणि मी शहाणी, घाबरून नाक वर ओढत बसले. वेग घसरला, पंखांची उचल सुटत आल्याचा इशारा देणारा भोंगा कण्हायला लागला. तारा समोर दिसत असताना वेग मिळवायला नाक खाली करायचं, याच्याइतकं उफराटं काम मी आयुष्यात केलेलं नाही. केलं. काटा हव्या त्या वेगावर आला आणि विमान हळूहळू चढू लागलं. तारा पोटाखालून सरकल्या.

मग सगळं स्वप्नासारखं झालं. उसाचे हिरवे तुकडे, नृसिंहवाडीला कुशीत घेतलेला नद्यांचा संगम, मग हुपरीची कौलं. आण्णा काचेला कपाळ लावून बसले होते. मी तरंगत होते, नजर मात्र पुन्हा पुन्हा वेगाच्या काट्यावर जात होती.

उतरल्यावर पिशवी उचलून पाहिली तेव्हा विमान का जडावलं होतं याचा उलगडा झाला. वजन न तपासणं ही माझी चूक, हे मी त्यांना तिथंच सांगितलं.

"नाक खाली केलंस तवा मी लई भ्यालतो," ते म्हणाले. "मग तुझ्या तोंडाकडं बगितलं. तू काय भ्याली न्हाईस. जा पोरी, शिकून ये."

मी मान डोलावली. पुढे कितीतरी वर्षं ते पै-पाहुण्यांना हेच सांगत राहिले, आणि मी दर वेळी गप्प बसले. आता ते नाहीत. आण्णा, मी भ्याले होते. तुमच्याकडे वळून बघितलं नाही, कारण तुम्हाला मीच मारलं असं मला वाटलं होतं.