उतारावर न लावलेली जीप

माझा धाकटा भाऊ क्लेतो उभं आयुष्य गिंबाल गाव ते इलोइलो शहर प्रवासी जीप चालवतोय. बोलणं मुळातच कमी, बायको गेल्यावर तेवढंही आटलं. घरी येतो तो जेवायला आणि पाठ टेकायला. त्याची लेक अनालिन मीच वाढवली, म्हणून त्याला बोलायचा हक्क मला आहे आणि तो मी सोडत नाही.

गेलं वर्षभर जीपची बॅटरी शेवटच्या घटका मोजत होती. हे कळायला मेकॅनिक लागत नव्हता. किल्ली फिरवली की इंजिन झटकन उठायचं सोडून कण्हत कण्हत फिरायचं. हॉर्न दाबला की पुढचे दिवे मंद व्हायचे. वायर जोडतात तिथं पांढरा-हिरवा थर चढायचा, डबा दोन्ही बाजूंनी फुगला होता आणि नासक्या अंड्यांसारखा वास मारायचा. क्लेतो तो थर गरम पाण्यानं धुवायचा, जुन्या टूथब्रशनं घासायचा, आत बॅटरीचं पाणी भरायचा, की आणखी थोडे दिवस निभायचे.

"अरे, मेलेल्याला किती आंघोळी घालशील? नवी आण की," मी म्हणायची.

"आणतो, मानांग." थोरल्या बहिणीला आमच्यात मानांग म्हणतात. पण असं म्हणून तो झोपायला जायचा, आणि दुसऱ्या दिवशी अनालिनची वैद्यकीय तपासणी निघायची, नाहीतर प्रशिक्षण, आणि बॅटरीचे पैसे तिकडे जायचे. पोरगी हाँगकाँगला कुणाची तरी मुलं सांभाळायला निघाली होती.

मग आमचे सगळे ड्रायव्हर करतात तेच क्लेतो करू लागला. दिवसभर इंजिन बंद करायचं नाही आणि संध्याकाळी जीप चॅपेलजवळच्या उतारावर लावायची. सकाळी ब्रेक सोडला की जीप आपोआप घरंगळते. तेवढ्यात दुसरा गिअर टाकून क्लच सोडला की इंजिन पकडतं. उतार असला की बॅटरी मेली काय, जगली काय. त्या एका जागेसाठी तो दुसऱ्या ड्रायव्हरांशी भांडलासुद्धा, आणि क्लेतो भांडला म्हणजे बघा.

अनालिनच्या निरोपाच्या जेवणाला मात्र त्यानं जीप आणली ती थेट अंगणात, सपाट जमिनीवर. निरोपाला सगळं गणगोत येतं, दुसऱ्या दिवशी त्याच जीपमधून सगळे बंदरावर सोडायला जातात. ती दाराशी सजून उभी असायला नको का? पाहुण्यांनी ताटं हातात घेतली आणि वीज गेली. माइकवर गाणी म्हणायला भाड्यानं आणलेलं यंत्र गप्प. आमच्याकडे निरोपाच्या जेवणात गाणं झालं नाही तर लोक वर्षभर बोलतात. अनालिन नुसती बापाकडे बघत उभी राहिली.

"जीपला माइक लावा," क्लेतो म्हणाला.

जीपचे ते दोन आडदांड स्पीकर, छताभोवतीचे रंगीत दिवे, सगळं लागलं. इंजिन चालू ठेवलं तर त्याच्या धडधडीपुढे गाणं ऐकू येईना, म्हणून तेही बंद केलं. मी जवळ जाऊन म्हटलं, "अरे, सकाळी काय करशील?" तो म्हणाला, "गाऊ दे गं तिला." तिनं गायलं, मग सगळ्यांनी गायलं. ज्यांना गाता येत नाही ते तर खालीच बसेनात. शेवटी दिवे आपसूकच विझत गेले.

सकाळी क्लेतोनं किल्ली फिरवली. टिक्. पुन्हा फिरवली. टिक्. त्यानंतर तेवढंही नाही. मनिलाची बोट दुपारची, आणि ती चुकली तर पुढचं विमान चुकणार. नोकरी लावून देणाऱ्या एजन्सीच्या बाईनं बजावून सांगितलं होतं की जागेसाठी दुसऱ्या मुली रांगेत आहेत. माझ्या तोंडचं पाणी पळालं. शेजाऱ्यानं तीनचाकीची बॅटरी आणून दिली. बिचाऱ्याचं मन मोठं, पण तिनं डिझेलचं इंजिन कुठलं फिरायला?

मी क्लेतोला बाजूला घेतलं. "खरं सांग. ती जाऊ नये म्हणून तू हे केलंस?"

तो बॉनेटला टेकून उभा होता. इतकं थकलेलं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. "ती जाऊ नये असं रोज वाटतं, मानांग," तो म्हणाला. "पण आपली जीप बंद पडली म्हणून ती राहिली, तर जन्मभर कुठल्या तोंडानं बघू तिच्याकडे?"

मग काय, ढकला. बंदरावर जायचे ठेवणीतले कपडे घालून सगळं खानदान चिखलातून जीप ढकलत चॅपेलपर्यंत निघालं. अनालिननं नवे बूट काढून माझ्या हातात दिले आणि सर्वांत मागे खांदा लावला. "अगं, कपडे!" मी म्हटलं. "तातायला एकट्याला कसं जमेल?" ती म्हणाली. बापाला ती ताताय म्हणते. उतारावर पहिल्यांदा जीप नुसतीच गचकली, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा काळा धूर सोडून इंजिन पकडलं. थांबवायची कुणाची छाती? आम्ही म्हाताऱ्यासुद्धा धावत धावत चढलो. वाटेत लोक हात करत होते, क्लेतोनं कुणालाच घेतलं नाही.

बंदर आलं तेव्हा बोटीवर माणसं चढत होती. मी म्हटलं, "क्लेतो, तू चालू ठेवून बसून राहा, आम्ही सोडून येतो तिला. इथं सगळं सपाट आहे."

त्यानं इंजिन बंद केलं.

"नंतर ढकलू," म्हणाला आणि खाली उतरला. अनालिननं आशीर्वादासाठी वाकून त्याचा हात कपाळाला लावला. तो हात त्यानं मागे घेतला नाही, तिच्या डोक्यावर तसाच ठेवला. बोटीचा भोंगा झाला, पहारेकरी ओरडायला लागला, तरी तो हात निघेना. शेवटी मीच तिच्या खांद्याला धरून तिला ओढलं. कुणीतरी ओढायलाच हवं होतं.