मामांच्या पाठीआडची नदी

जगन्नाथ मोहिते यांनी मला फसवलं. एकदा नाही, तीनदा, आणि तिन्ही वेळा गोड बोलून. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला गंडवणारा माणूस दोहात अजून यायचाय अशी माझी ख्याती आहे. ती मीच पसरवली आहे, पण खोटी नाही. अल नस्रमध्ये माझं दुकान आहे. जुने एसी आणि फ्रीज घ्यायचे, दुरुस्त करायचे, विकायचे. जळगावहून आलो तेव्हा लोकांच्या गच्च्यांवर चढून एसी धुणारा हेल्पर होतो. अडलो, नडलो, भांडलो, तेव्हा कुठे दुकानावर पाटी लागली. अशा माणसाला हमद पोर्टवरच्या एका क्रेन ऑपरेटरने बनवलं.

त्यांना सगळे मामा म्हणत. दाराएवढा रुंद माणूस, पिकलेल्या मिशा, गळ्यात घरून आणलेला पंचा. डॉक्टरांनी मला साखरेवरून दम भरला होता आणि मी जुनी सायकल शोधत होतो. मामांकडे एक जादा होती. कंपनीच्या कॅम्पच्या फाटकाशी मी त्या सायकलचं एकेक वैगुण्य काढत गेलो. मामा ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "शेट, तू म्हणशील तो भाव. पर एक अट हाय. शुक्रवारी सकाळी माझ्यासंगं यायचं."

"आणि नाही आलो तर?"

"तर सायकल परत. फुकाट."

माझा भाव मिळाला होता. अटीकडे मी लक्ष दिलं नाही. भाव पाडून घेणाऱ्याने अट नीट वाचावी हे मी आता शिकलो आहे.

दोहाच्या उत्तरेला फक्त सायकलींसाठी रस्ता आहे. शेजारी हायवे धावतो, पण तिथली गाडी इकडे येऊ शकत नाही. हॉर्न नाही, सिग्नल नाही. दोन्ही बाजूंना सपाट माळ आणि मध्येच एखादं खुरटं झुडूप. हिवाळ्यात शुक्रवारी माझ्या पिकअपमध्ये सायकली टाकून आम्ही तिथे जायचो. सायकलीवर बसण्याआधी मामा खाली वाकत, कडेची चिमूटभर वाळू उचलत आणि बोटांतून हळूच सोडत. मला वाटायचं, भूमीला नमस्कार करतात. मीही एकदोनदा पाया पडल्यासारखं केलं. ते मिशीत हसले.

मग उत्तरेकडे निघायचं. मामा पुढे, मी मागे. "माझ्या चाकाला चाक लावून ये. डोळे पाठीवर ठेव. नदी मी दाखवतो."

नदी म्हणजे नीरा. मामांचे वडील कालव्यावर पाटकरी होते. पाणी सोडणं, दारं बघणं, चोरून फोडलेला पाट बुजवणं हे त्यांचं काम. कालव्याच्या कडेने सरकारी वाट होती. तिच्या तोंडाशी फाटक आणि फाटकाला साखळी, त्यामुळे मोटारीला मज्जाव. त्या वाटेवर माणसं चालत, म्हशी चालत आणि पाटकऱ्याची सायकल चाले. मामा लहानपणापासून वडिलांच्या मागे त्या वाटेवर फिरले होते. दोहातल्या सपाट माळावर ते ती वाट उलगडत जायचे. "आता डाव्या अंगाला करंजाची झाडं आली. खाली नदी वळली बघ, वाळूचं बेट दिसतंय? उजवीकडं पाट भरून चाललाय. तारंवर खंड्या बसलाय. गप, उडंल."

"मामा, मला फक्त तुमचा भिजलेला शर्ट दिसतोय."

"त्याच्या पल्याडच हाय."

हायवेखालचा पहिला बोगदा आला की ते म्हणत, "हे आमच्या पाटाखालच्या मोरीचं गार." दुसऱ्या बोगद्यापाशी गुऱ्हाळ लागायचं, आणि शप्पथ सांगतो, मला काकवीचा वास यायचा.

शेवटी वळायची जागा आली की मामा उतरायचे, पाणी प्यायचे, कमरेवर हात ठेवून धापा टाकायचे. "दमलो गड्या. आता तू हो पुढं." आणि परतीला मी पुढे व्हायचो. काय धावायची सायकल! पायडल नुसतं दाखवायचं. मागे मामा, त्यांच्यामागे माळ, आणि मी पन्नाशीतला साखरवाला घोड्यासारखा सुटलेला. अबू हमूरच्या एका व्हिलात मंडळाचं तिळगूळ होतं, तिथे मी सगळ्यांसमोर सांगितलं, "मामा जाताना ठीक असतात, पण येताना मलाच ओढून आणावं लागतं." इंजिनियर मंडळी हसली. मामा तिळाचा लाडू फोडत म्हणाले, "खरं हाय. शेटचा दम लई मोठा."

असे हिवाळे गेले. माझी साखर उतरली. मामांचा करार संपला. विमानतळावर मी त्यांच्या बॅगेच्या जादा वजनासाठी काउंटरवर भांडलो आणि जिंकलो. मामा म्हणाले, "खलास. हितलं शेवटचं भांडण तूच जिंकलंस." दुसऱ्याच क्षणी दाराएवढी ती पाठ काचेपलीकडे गेली.

पुढच्या शुक्रवारी मी एकटा निघालो. पहिल्या बोगद्यापर्यंतसुद्धा पोचलो नाही. मांड्या पेटल्या, छाती भरून आली, सायकल जागची हलेना. मी तशीच ती पिकअपमध्ये टाकून शाजीच्या दुकानात नेली. शाजी केरळचा, आमचा सायकल मेकॅनिक. आदल्याच आठवड्यात त्याने ती उघडून जोडली होती.

"बेअरिंग जाम किया है तूने! पैसे किस बात के लिए?"

शाजीने सायकल उलटी टांगली आणि चाकाला बोट लावलं. चाक फिरायला लागलं ते फिरतच राहिलं. आम्ही दोघं बघत राहिलो.

"भाई, जाते टाइम आगे कौन रहता था?"

"मामा."

"आते टाइम?"

"मैं."

शाजी स्टुलावर बसून हसायला लागला. मी पाना उचलला तसा तो गंभीर झाला आणि त्याने मला शांतपणे समजावलं. इथला वारा उत्तरेकडून येतो. जाताना तो समोरून, येताना पाठीवर. जो पुढे असतो तो वारा कापतो, मागच्याला अर्ध्या ताकदीत जमतं. "मामा दीवार था आपका. और वापस तो हवा ही धक्का देता था. तब आपको आगे किया." मग वाळूची चिमूटही उमगली. पोर्टात वारा चढला की क्रेन बांधून खाली उतरावं लागतं. त्या माणसाचं सगळं आयुष्य वारा बघण्यात गेलं होतं आणि मी मूर्खासारखा वाळूच्या पाया पडत होतो.

मी तिथूनच फोन लावला. "मामा, तुम्ही मला फसवलंत."

"व्हय," पलीकडून आलं.

"का?"

"सांगितलं असतं तर तू पुढं आला असतास. अर्ध्यात बसला असतास. आन् सायकल मलाच विकाय आणली असतीस, तीबी चढ्या भावानं."

मला राग आला, कारण असंच झालं असतं. मी कोणाचं फुकट घेत नाही. एक चहा घेतला तरी दुसरा पाजतो. आणि या माणसाने मला इतके हिवाळे स्वतःच्या आडोशाला ठेवून वर माझ्याच दमाचं कौतुक केलं होतं. मी म्हटलं, "मला फेडायचंय. एकदा तुम्ही मागे, मी पुढे."

"मग ये की पाटावर."

"जाताना पण मी पुढे आणि येताना पण मीच. मध्ये बदल नाही."

"दिला शब्द."

मी अट दोनदा वदवून घेतली. कच्चा सौदा मी करत नाही.

त्या हिवाळ्यात मी मामांच्या गावी गेलो. मामींनी अंगणात भाकरी आणि लसणाची चटणी बांधून दिली. मामा जरा उतरले होते, शर्ट खांद्यावर सैल होता. मी विचारलं तर म्हणाले, "पोर्टातलं फुकटचं बिर्याणीचं मांस गेलं. बरं झालं." कालव्याच्या फाटकाची साखळी अजून होती. मामांनी वाकून चिमूटभर माती उचलली, बोटांतून सोडली आणि म्हणाले, "यल्ला, चल शेट. हो पुढं."

मी पुढे झालो. आणि सगळं होतं हो तिथे. करंजाची झाडं होती, पाट भरून चालला होता, खाली नदी वळली होती आणि वळणावर वाळूचं बेट होतं. पलीकडे पुरंदरच्या डोंगरांची निळी रांग. मी इतक्या वेळा त्या वाटेने गेलो होतो की पुढचं वळण मला आधीच कळत होतं. मोरीपाशी गार लागलं तेव्हा मीच मागे ओरडलो, "मोरी!" मामा म्हणाले, "गप, खंड्या उडंल." खंड्या खरंच होता. मी छाती काढून चालवत होतो. मागे माझ्या आडोशाला मामा होते. फिटत होतं सगळं.

खाली त्यांच्या मेव्हण्याच्या गुऱ्हाळावर जेवलो. मामांनी मला बळेच आडवं केलं. "जरा उन्हं कलू दे." मग परत निघालो, मी पुढे, आणि सायकल परत घोड्यासारखी. माझा दम खरंच वाढलाय असं मनाशी म्हणत होतो. सहज मागे वळून गुऱ्हाळाच्या धुराड्याकडे पाहिलं. धूर आमच्याच मागे येत होता. आणि मला सकाळ आठवली. सकाळी पोचलो तेव्हा तोच धूर पलीकडे, आम्ही जात होतो त्या दिशेला झुकला होता.

मी ब्रेक दाबला. "मामा, वारा कुठून आहे?"

"पाठीकडनं."

"आणि सकाळी?"

"तवाबी पाठीकडनंच." त्यांना हसू आवरेना. "खोऱ्यातला वारा हाय शेट. सकाळी डोंगराकडनं खाली जातो, उन्हं चढल्यावर उलटा फिरतो. आमचे वडील त्याच्यासंगं जायचे, त्याच्यासंगं यायचे." हसता हसता त्यांना खोकला आला. ते पाटाच्या कठड्यावर बसले. मी शिव्या घालत होतो. अट अक्षरशः पाळली होती. दिवसभर मी पुढे होतो आणि दिवसभर मी वाऱ्याचा एक कणही कापला नव्हता.

"पुढल्या खेपंला भर दुपारी निघू," मामा म्हणाले. "तवा समोरनं येतो. तू पुढं. पक्कं." मी हात पुढे केला. त्यांनी हातावर हात मारला. हात गार होता.

उन्हाळ्यात, इथे डांबर वितळतं त्या दिवसांत, मामींचा फोन आला. मामा झोपेतच गेले. मी विचारू नये ते विचारलं, "अचानक कसं?"

मामी म्हणाल्या, "अचानक कुठलं हो. हृदय निम्म्यावर चाललं होतं. तिकडनं आले ते त्यासाठीच. डॉक्टरांनी सायकल बंद केली होती. तुम्ही येणार म्हणून हट्टानं तेवढा एक दिवस काढला. म्हणाले, वारा सांभाळून नेतो, दम लागणार नाही. त्याला कळता कामा नये."

म्हणजे करार संपला नव्हता. म्हणजे वळायच्या जागी कमरेवर हात ठेवून ते टाकत होते त्या धापांमधल्या काही खऱ्या होत्या, आणि मी त्यावर तिळगुळाच्या दिवशी लोकांना हसवलं होतं.

आता पुन्हा हिवाळा आहे. शुक्रवारी मी एकटाच जातो. वाळू बोटांतून सोडतो, ती माझ्या शर्टावर येते, म्हणजे वारा समोर आहे. मग उत्तरेकडे निघतो. मोरी, करंज, वाळूचं बेट, गुऱ्हाळ. आता मी वळायच्या जागेपर्यंत पोचतो, कोणाच्या आडोशाशिवाय. मागे बघतो तर रस्ता रिकामा.

मामा, सौदा झाला होता. हातावर हात पडला होता. ज्या दिवशी तुम्हाला आडोसा हवा होता त्या दिवशी मी पुढ्यात होतो, चांगला जाडजूड, आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत. मी छातीवर घेतला असता वारा. हळू गेलो असतो, थांबत थांबत गेलो असतो, पण घेतला असता. तुम्ही मला तेवढंही का करू दिलं नाहीत? मी वळायच्या जागी उभा आहे, वारा समोर आहे. याचं उत्तर द्या.